नस्ती थांबते तेव्हा

१८ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी उत्तर दिल्लीतील वझिराबादच्या अरुंद पुलावरून शाळकरी मुलांनी भरलेली एक बस कठडा तोडून यमुनेत कोसळली. २८ मुले दगावली. येथे नदीवर रुंद आणि सुरक्षित पूल हवा, या मागणीला त्या दिवसापासून धार आली. त्याच सुमारास, १९९७ च्या अखेरीस, कोकण रेल्वेचे काम हातावेगळे करत असलेल्या ई. श्रीधरन यांनी दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनचे व्यवस्थापकीय संचालक म्हणून सूत्रे हाती घेतली.

२४ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी शाहदरा ते तीस हजारी या मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन केले. ही गाडी यमुना ओलांडून जाते. वझिराबादचा नवा पूल, जो आज ‘सिग्नेचर ब्रिज’ म्हणून ओळखला जातो, त्याचे उद्घाटन झाले ४ नोव्हेंबर २०१८ रोजी. नदी तीच, शहर तेच, मजूर आणि अभियंतेही त्याच देशातले. एका कामाला पाच वर्षे लागली, दुसऱ्याला अपघाताच्या दिवसापासून एकवीस.

ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मी आधीच मान्य करतो. सिग्नेचर ब्रिजचा १५४ मीटर उंचीचा तिरकस मनोरा उभारणे हे सोपे काम नव्हते आणि नदीच्या तळाशी लागलेल्या खडकाने पायाचे गणित बदलले, हेही खरे आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुलाची घोषणा २००४ मध्ये झाली, बांधकाम २०१० च्या आसपास सुरू झाले. म्हणजे अपघातानंतरच्या एकवीस वर्षांपैकी पहिली बारा-तेरा वर्षे नदीच्या पात्रात नव्हे, कार्यालयांत खर्च झाली. सार्वजनिक कामांच्या विलंबाविषयी आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर अर्धवट खांब, गंजलेल्या सळ्या आणि निष्काळजी ठेकेदार येतो. चार दशकांच्या सरकारी नोकरीनंतर माझे मत वेगळे झाले आहे. विलंबाचा मोठा भाग काम सुरू होण्यापूर्वीच, किंवा काम थांबवून, कोणाच्या तरी मेजावर जन्म घेतो. सार्वजनिक कामांत प्रक्रिया-सुधारणा आणायची असेल, तर आधी मोजायला हवे ते हे मेजावरचे थांबणे.

एका मोरीची गोष्ट

नोकरीच्या मधल्या काळात मी एका राज्याच्या वित्त विभागात होतो. एका आडवळणाच्या रस्त्यावर ओढ्यावर बांधावयाच्या मोरीची नस्ती माझ्याकडे आली. खोदकामात पक्का थर अपेक्षेपेक्षा खोल लागल्याने खर्च वाढला होता आणि सुधारित प्रशासकीय मान्यता हवी होती. रक्कम किरकोळ होती. महिना जानेवारीचा होता. मी नस्ती वाचली आणि शेरा लिहिला, ‘सुधारित अंदाजपत्रकातील दर कोणत्या वर्षाच्या दरसूचीतील आहेत, याचा खुलासा व्हावा.’ प्रश्न नियमाला धरून होता. सही करताना मला कर्तव्य बजावल्याचे समाधानही वाटले असावे.

नस्ती उतरत्या भाजणीने निघाली: सचिवांकडून मुख्य अभियंत्याकडे, तेथून अधीक्षक अभियंत्याकडे, कार्यकारी अभियंत्याकडे, उपअभियंत्याकडे आणि अखेरीस कनिष्ठ अभियंत्याकडे. त्याने एका ओळीत उत्तर लिहिले आणि नस्ती त्याच पायऱ्या चढत वर आली. ती माझ्या मेजावर परतली तेव्हा मे महिना संपत आला होता. पाऊस तोंडावर आल्याने काम पुढच्या हिवाळ्यावर गेले. त्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वस्तीतली मुले शाळेत पोहोचत नव्हती. हे मला नंतर, दौऱ्यावर गेलो तेव्हा, तिथल्या शिक्षकांकडून कळले.

दौऱ्यावरून परतल्यावर मी ती नस्ती पुन्हा मागवली आणि प्रत्येक पानावरच्या आवक-जावक शिक्क्यांच्या तारखा कागदावर उतरवल्या. प्रवास चार महिन्यांहून अधिक होता. त्यात कोणी नस्ती प्रत्यक्ष वाचली, विचार केला, लिहिले, असा वेळ एकत्र केला तर एका दिवसाचेही काम भरत नव्हते. उरलेला सगळा काळ नस्ती कुठे तरी पडून होती. आणि मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर? ते जोडलेल्या विवरणपत्राच्या तळटिपेत पहिल्या दिवसापासून होते.

या हिशेबात भ्रष्टाचार नव्हता, आळस म्हणावा असेही फारसे काही नव्हते. प्रत्येकाने नियमानुसार आपापले काम केले होते. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते.

कारखानदारीच्या जगाला हे गणित अनेक दशकांपूर्वी उमगले. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी उत्पादनातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले, त्यांतला एक म्हणजे वाट पाहणे. एखादी वस्तू कारखान्यात जितका काळ असते, त्यातला किती काळ तिच्यावर खरोखर काम होते आणि किती काळ ती रांगेत उभी असते, हे मोजा. सुधारणेची जागा आपोआप दिसेल, हा त्यामागचा साधा विचार. बांधकामाच्या क्षेत्रात अमेरिकी अभ्यासक ग्लेन बॅलार्ड यांनी १९९० च्या दशकात तोच धागा पकडला. आठवड्याच्या सुरुवातीला ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी कामे ठरल्याप्रमाणे पूर्ण होतात, असे त्यांना आढळले. त्यांचा उपायही साधा होता. ज्या कामाची जागा, नकाशे, साहित्य आणि परवानग्या तयार आहेत, तेवढेच काम आठवड्याच्या यादीत घ्यावे. जे अडलेले आहे ते यादीत घालून स्वतःची फसवणूक करू नये.

आपल्याकडे हे विषय कार्यशाळांच्या रूपाने आले. ‘लीन’, ‘सिक्स सिग्मा’ अशी नावे, रंगीत पट्ट्यांची प्रमाणपत्रे आणि भोजनोत्तर सादरीकरणे. मीही अशा काही कार्यशाळांना बसलो आहे. तेथे बहुधा काँक्रीटच्या चाचण्या, सिमेंटचा साठा आणि यंत्रसामग्रीचा वापर यांवर चर्चा होई. नस्तीचा प्रवास मात्र कोणी फळ्यावर काढत नसे, कारण त्या रेषा प्रशिक्षणार्थींच्या स्वतःच्या मेजांवरून गेल्या असत्या.

विलंब कुठे राहतो

केंद्र सरकारचे सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये आणि त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर लक्ष ठेवते. मार्च २०२४ च्या स्थितीनुसार अशा १,८७३ प्रकल्पांपैकी ७७९ प्रकल्प मुदतीच्या मागे होते आणि त्यांचा सरासरी विलंब सुमारे तीन वर्षांचा होता. ४४९ प्रकल्पांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा वाढला होता आणि ही वाढ पाच लाख कोटी रुपयांहून अधिक होती.

आकड्यांपेक्षा त्या अहवालांत वर्षानुवर्षे दिली जाणारी कारणे अधिक बोलकी आहेत. भूसंपादनातील विलंब, वन आणि पर्यावरण परवानग्या, निधीची जुळवाजुळव, तपशीलवार आराखडे अंतिम करण्यातील दिरंगाई, कामाच्या व्याप्तीत बदल, निविदा प्रक्रिया आणि साहित्य मागवण्यातील उशीर. या यादीतले जवळपास प्रत्येक कारण बांधकामाच्या जागेपासून दूर, कार्यालयात घडते. निसर्ग किंवा तंत्र आडवे आले, अशी उदाहरणे त्या मानाने थोडी आहेत.

हे आजचे नाही. इंग्रजी राजवटीत सार्वजनिक कामे पूर्वी ‘मिलिटरी बोर्ड’ या मंडळाच्या ताब्यात होती. ते मंडळ पुरेशी देखरेख ठेवू शकत नाही आणि निर्णयही लवकर होत नाहीत, अशा तक्रारींनंतर लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४ च्या सुमारास, स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. म्हणजे या खात्याच्या जन्मामागेच दिरंगाईची तक्रार होती. पण त्या व्यवस्थेची रचना करणाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न वेगळा होता: कलकत्त्यात बसून शेकडो मैलांवरच्या दुय्यम अधिकाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्याचे उत्तर पायऱ्यापायऱ्यांच्या मंजुऱ्या, मोजमाप पुस्तक आणि वरिष्ठांची पडताळणी यांत शोधले गेले. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, चालू देयक, सुधारित मान्यता ही आजची साखळी त्याच मुशीतली आहे. तिजोरीचे रक्षण करणे हा तिचा हेतू होता आणि तो हेतू आजही योग्य आहे. या साखळीत प्रत्येक कडीला नकाराचा किंवा प्रश्नाचा अधिकार मिळाला. वेळेचा हिशेब देण्याचे बंधन मात्र एकाही कडीवर आले नाही.

मेट्रोने नेमके काय केले

दिल्ली मेट्रोच्या यशाचे श्रेय एका व्यक्तीला देऊन आपण मोकळे होतो. श्रीधरन यांची योग्यता वादातीत आहे. पण ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ असे म्हटले की त्यांच्याकडून शिकण्याची जबाबदारी टळते. त्यांनी जे केले ते बारकाईने पाहिले तर त्यातले बरेचसे अनुकरणीय, किंबहुना रोजच्या कामकाजातले आहे.

मराठी वाचकांना त्याची सुरुवात ठाऊक आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने सुमारे साडेसातशे किलोमीटरचा, नव्वदहून अधिक बोगद्यांचा मार्ग बांधला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्णपणे खुला झाला. त्या कामात कार्यालयांमध्ये उलटी घड्याळे लावलेली असत. किती दिवस झाले हे न दाखवता किती दिवस उरले हे ती दाखवत. हीच घड्याळे पुढे दिल्लीत आली. त्यांचा उपयोग केवळ प्रतीकात्मक नव्हता. उरलेल्या दिवसांची संख्या समोर असली की ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ या वाक्याची किंमत लगेच कळते.

दुसरी गोष्ट दर सोमवारच्या बैठकीची. विभागप्रमुख एकत्र बसत आणि अडलेले विषय तिथेच निकाली निघत. सरकारी विभागात अभियंता, वित्त अधिकारी आणि विधी अधिकारी एकमेकांशी नस्तीवरून बोलतात. प्रत्येक प्रश्नाला एक फेरी लागते. वित्त सांभाळणारा अधिकारी त्याच मेजाभोवती बसला, की माझ्या दरसूचीच्या प्रश्नाला चार महिने लागत नाहीत, चार मिनिटे लागतात. येथे नियम मोडला जात नाही, प्रश्नही दाबला जात नाही. त्याची रांग तेवढी नाहीशी होते.

तिसरी गोष्ट पूर्वतयारीची. जमिनीखालच्या जलवाहिन्या, मलनिस्सारण वाहिन्या, वीज आणि दूरध्वनीच्या तारा यांची माहिती काढून त्या हलवण्याचे काम मेट्रोने मुख्य बांधकामाच्या आधी घेतले. चावडी बाजारासारख्या दाट आणि जुन्या वस्तीखालून मार्ग नेताना याचे मोल कळले. बॅलार्ड जे पुस्तकात सांगत होते, तेच येथे प्रत्यक्षात आले होते: अडलेले काम ठेकेदाराच्या गळ्यात न मारणे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या टप्प्यासाठी जागतिक प्रघातानुसार ‘स्टँडर्ड गेज’ रूळ असावेत, असे श्रीधरन यांचे ठाम मत होते. रेल्वेचा आग्रह ‘ब्रॉड गेज’चा होता आणि २००० मध्ये सरकारने रेल्वेच्या बाजूने कौल दिला. श्रीधरन यांनी आपले मत मांडले, निर्णय विरोधात गेला, तो त्यांनी स्वीकारला आणि काम पुढे नेले. पुढे दुसऱ्या टप्प्यात २०१० मध्ये ‘स्टँडर्ड गेज’चा पहिला मार्ग सुरू झालाच. वेळेवर झालेला, पण आपल्याला न पटलेला निर्णयही काम पुढे नेऊ शकतो. योग्य निर्णयाची अनिश्चित काळ वाट पाहण्याची चैन सार्वजनिक कामाला परवडत नाही.

परिणाम सर्वज्ञात आहे. सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा दहा वर्षांत व्हायचा होता. तो डिसेंबर २००५ मध्ये, जवळपास तीन वर्षे आधी आणि ठरलेल्या खर्चात पूर्ण झाला. त्याच्या जोडीला दोन अनुकूल गोष्टी होत्या, त्याही नोंदवायला हव्यात. केंद्र आणि दिल्ली सरकार यांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेल्या कंपनीला निर्णयाची स्वायत्तता होती आणि जपानी कर्जामुळे निधीचा ओघ निश्चित होता. शिवाय एकच प्रमुख चौदा वर्षे, २०११ च्या अखेरपर्यंत, पदावर राहिला. जिथे कार्यकारी अभियंता दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि नवा अधिकारी पहिल्यापासून नस्ती वाचू लागतो, तिथे ही बाब किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

घाई म्हणजे गती नव्हे

या चित्राची दुसरी बाजूही आहे. १२ जुलै २००९ रोजी दक्षिण दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोच्या बांधकामाधीन पुलाचा भाग कोसळला आणि कामावरील काही जणांचा बळी गेला. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तत्कालीन मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही. चौकशीत खांबाच्या माथ्यावरील भागाच्या आराखड्यात दोष आढळला. सर्वोत्तम व्यवस्थेतही आराखड्याची तपासणी निसटू शकते आणि तिची किंमत मजूर आपल्या जिवाने मोजतात. वेग वाढवताना कोणती पायरी वगळता येणार नाही, हे ठरवणे हाही प्रक्रिया-सुधारणेचाच भाग आहे.

दिल्लीनेच याचा आणखी कठोर धडा २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत घेतला. स्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर २००३ मध्ये मिळाले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालाने दाखवून दिले की हाती असलेल्या सात वर्षांतला सुरुवातीचा मोठा काळ वाया गेला आणि मग ‘आता वेळ उरला नाही’ हेच कारण नियम शिथिल करायला वापरले गेले. स्पर्धा सुरू व्हायला दोन आठवडेही उरले नसताना, २१ सप्टेंबर २०१० रोजी, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक कामगार जखमी झाले. आधी नस्त्या रेंगाळल्या, नंतर नियम बाजूला पडले. रेंगाळणे आणि घाई ही परस्परविरोधी दुखणी वाटतात. प्रत्यक्षात दुसरे पहिल्याच्याच पोटी जन्मते.

आणि ज्यांना अजूनही वाटते की चांगली संस्था असली की पुरे, त्यांनी मेट्रोचाच चौथा टप्पा पाहावा. संस्था तीच, अनुभव पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. पण केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्यात खर्चाच्या वाटणीवरून प्रस्ताव अडला. दिल्ली सरकारची मान्यता डिसेंबर २०१८ मध्ये, केंद्राची मार्च २०१९ मध्ये आणि तीही सहापैकी तीनच मार्गांना मिळाली. उरलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. त्यानंतर वृक्षतोडीच्या परवानग्यांनी वेळ घेतला आणि साथीचा काळ मध्ये आला. चौथ्या टप्प्यातला पहिला छोटा तुकडा, जनकपुरी पश्चिम ते कृष्णा पार्क विस्तार, ५ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. सोमवारच्या बैठकीला जे हजर नसतात त्यांच्या मेजांवर मेट्रोचीही सत्ता चालत नाही.

प्रश्न विचारणे सुरक्षित, निर्णय धोक्याचा

मग अधिकारी निर्णय का घेत नाहीत? मी वित्त विभागात तो प्रश्न का विचारला, याचे प्रामाणिक उत्तर असे की प्रश्न विचारल्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झालेली नाही. मंजुरी दिल्याबद्दल मात्र होते, कधी निवृत्तीनंतर दहा वर्षांनीही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात एक असे कलम होते की अधिकाऱ्याच्या निर्णयाने कोणाला आर्थिक लाभ झाला आणि त्यात सार्वजनिक हित नव्हते असे ठरले, तर स्वतः एक पैसाही न घेतलेला अधिकारी गुन्हेगार ठरू शकत असे. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले, हे योग्यच झाले. पण कायदा बदलला तरी पिढ्यांची सवय लगेच बदलत नाही. लेखापरीक्षण घेतलेल्या निर्णयाचे होते. न घेतलेल्या निर्णयाने झालेल्या नुकसानीची नोंद कोणत्याही रकान्यात पडत नाही.

केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनाविषयी काढलेल्या सूचना या दृष्टीने दखल घेण्याजोग्या आहेत. ठेकेदाराच्या चालू देयकाची किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजी दिवसांत आणि उरलेली अंतिम तपासणीनंतर २८ कामकाजी दिवसांत द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. निवडक कामांत सर्वांत कमी दराच्या पलीकडे जाऊन गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभाही आहे. ज्याचे पैसे वर्षभर अडकतात तो ठेकेदार ती जोखीम आधीच दरात मिळवतो किंवा काम अर्धवट सोडतो. त्यामुळे देयकाची मुदत ही केवळ ठेकेदाराची सोय नाही. तथापि दहाव्या दिवशी देयक निघाले नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक कार्यालयांत आजही मौनाचे आहे. कागदी नस्तीची जागा ई-ऑफिसने घेतली, तेव्हाही असेच झाले. नस्ती आता शिपायाच्या काखेत नसते, पडद्यावर असते. पण थांबायचे तर ती तिथेही थांबते.

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल फार आधी उचलले होते. ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणून ओळखला जाणारा २००५ चा अधिनियम सांगतो की सर्वसाधारण नस्ती कोणाही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये. तातडीची नस्ती चार दिवसांत आणि तत्काळ स्वरूपाची एका दिवसात पुढे जावी. तत्त्व म्हणून यापेक्षा अधिक काय हवे? आणि तरीही ज्या कोकणात रेल्वे आठेक वर्षांत उभी राहिली, त्याच कोकणात २०११ मध्ये चौपदरीकरण सुरू झालेला मुंबई-गोवा महामार्ग दशक उलटून गेले तरी पूर्ण झालेला नाही. मुदत घालून दिली; पण ती पाळली की नाही हे मोजून चारचौघांत सांगण्याची सोय झाली नाही. मोजले नाही की सुधारणा होत नाही, हे कारखान्यातले सूत्र कायद्यालाही लागू पडते.

पाटीवर काय असावे

माझ्या सूचना मोठ्या नाहीत. जमीन, आराखडा आणि आवश्यक परवानग्या यांपैकी बहुतांश हाती आल्याखेरीज निविदा काढू नये. भूमिपूजनाची तारीख त्यासाठी पुढे गेली तरी चालेल. ठरावीक रकमेवरील प्रत्येक कामाला एक अभियंता प्रमुख असावा आणि काम संपेपर्यंत त्याची बदली होऊ नये. वित्त, विधी आणि बांधकाम यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून तिथेच निर्णय लिहावेत. एकाच नस्तीवर प्रश्न एकदाच, सगळे एकत्र, विचारले जावेत. दुसऱ्या फेरीचा प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी का सुचला नाही, याचे कारण त्याच टिपणीत लिहावे. आणि महालेखापरीक्षकांनी घेतलेल्या निर्णयांबरोबर न घेतलेल्या निर्णयांची किंमतही तपासावी.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक सार्वजनिक कामाच्या जागी एक पाटी असते. तिच्यावर कामाचे नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदाराचे नाव, सुरुवातीची आणि समाप्तीची तारीख असते. त्या पाटीवर आणखी चार ओळी असाव्यात: कोणती मंजुरी कोणत्या तारखेला मागितली, ती कोणत्या कार्यालयाकडे होती आणि कोणत्या तारखेला मिळाली. ठेकेदाराची दिरंगाई आज सर्वांना दिसते, कारण ती उघड्यावर असते. कार्यालयाची दिरंगाईही उघड्यावर यावी, एवढेच.

निवृत्तीनंतर मी यमुनेच्या काठी अधूनमधून जातो. सिग्नेचर ब्रिजवर संध्याकाळी लोक मनोऱ्याला पाठ करून छायाचित्रे काढतात. पूल देखणा आहे, दुरून दिसतो. वझिराबादला १९९७ मध्ये रुंद पूल हवा होता. तो शहराचे प्रतीक व्हावा, ही अपेक्षा नंतर जोडली गेली आणि तिच्यासोबत वर्षेही जोडली गेली. उद्घाटनाच्या दिवशी ती मुले असती तर तिशीच्या आसपास असती, त्यांच्यापैकी काहींची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली असती.

मी विचारलेला दरसूचीचा तो प्रश्न चूक नव्हता. पण ओढ्याच्या काठावरच्या पाटीवर ‘वित्त विभागाकडे, जानेवारीपासून मेपर्यंत’ अशी ओळ लागणार आहे हे मला ठाऊक असते, तर सही करण्यापूर्वी मी विवरणपत्राची तळटीप नक्की वाचली असती.